समुद्राकडची खिडकी

१

कालाव्हिओलात घरं समुद्राला इतकी चिकटून आहेत, की वादळ उठलं की खारं पाणी तिसऱ्या मजल्याच्या तोंडावर येऊन आपटतं. आणि तरी ओरिएत्ताच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात समुद्राकडे उघडणारी एकही खिडकी नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत, न्हाणीघराची त्याच गल्लीत, आणि समुद्राच्या बाजूला झोपायची खोली होती, तिला नुसती भिंत. नवऱ्याच्या आजोबांनी एका हिवाळ्यात वादळांना वैतागून तिथली खिडकी विटांनी बुजवून टाकली होती.

बाहेरून मात्र ती खिडकी होती. या किनाऱ्यावरची रीतच तशी आहे. जिथे खिडकी हवी होती पण नाही, तिथे ती रंगवून घ्यायची. दगडी चौकट, आडव्या पट्ट्यांची हिरवी झडपं, झडपांखाली पडलेली सावली, सगळं रंगाचं. परगावचे पाहुणे धक्क्यावर उभे राहून कुठली खिडकी खरी यावर पैजा लावतात आणि हरतात.

ओरिएत्ताचा नवरा नेव्हिओ तीस वर्षं सहलीची बोट चालवत होता. कालाव्हिओलाहून निघून एकेक गाव घेत पोर्तोव्हेनेरेपर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत. जो किनारा बघायला कुठून कुठून माणसं येतात, तो त्याला तळहातासारखा पाठ. पण कुठल्या गावात तो कधी उतरला म्हणाल, तर नाही. धक्क्याला लागायचं, दोर टाकायचा, माणसं उतरवायची, दोर ओढायचा. ओरिएत्ताची तर त्याहून मजा. ती आयुष्यात सेस्त्रीच्या पुढे गेली नव्हती, आणि सेस्त्रीलासुद्धा दात काढायला गेली होती.

नाताळात नेव्हिओच्या छातीत कफ धरला आणि तो अंथरुणाला खिळला. ईस्टरच्या सुमारास डॉक्टरीणबाई चार जिने चढून, धापा टाकत आल्या. त्याची छाती तपासून झाल्यावर ओरिएत्ताला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "फुप्फुसं बरी झालीत. माणूस बरा होत नाहीये. याला खोलीबाहेर काढा बाई, नाहीतर हा या खोलीतच जिरून जाईल."

म्हणून सहल ठरली. या वेळी बोट चालवायची नाही, प्रवासी म्हणून बसायचं, आणि प्रत्येक गावात उतरायचं.

२

रोज सकाळी ओरिएत्ता वाडगाभर दुधाळ कॉफी आणि फोकाच्चाचा तुकडा घेऊन खोलीत जायची. नेव्हिओ तो तेलकट, खारट पाव उलटा करून मिठाची बाजू कॉफीत बुचकळायचा. कॉफीवर तेलाचे थेंब तरंगायचे. चाळीस वर्षं ओरिएत्ता ते बघून "शी!" म्हणत आली होती आणि चाळीस वर्षं तो तिला दाखवून दाखवून बुचकळत आला होता. मग पांघरुणावर किनाऱ्याचा नकाशा उघडायचा.

"मोन्तेरोस्सोला खारवलेले मासे खायचे," नेव्हिओ म्हणायचा. "व्हेर्नात्साला बंदराच्या भिंतीवर बसायचं. तिथे एक बाक आहे, दुपारी सावली येते. तीस वर्षं बघतोय मी तो बाक."

"आणि मी काय करायचं?"

"तू शेजारी बसून मला बोलायचंस. ती सवय कशाला मोडायची?"

ओरिएत्ता हसायची आणि त्याचा करडा स्वेटर रफू करत बसायची. कोपर पार विरलं होतं आणि घरात करडी लोकर नव्हती, म्हणून तिने हिरव्या लोकरीने भोक बुजवलं. नेव्हिओने ते उजेडात धरून पाहिलं. "पोपट केलास माझा," तो म्हणाला. "लोक विचारतील, हा कुठल्या पिंजऱ्यातून सुटला."

"सुटू तर दे आधी," ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले, म्हणून ती वाडगा उचलून आत गेली.

त्याच आठवड्यात घराच्या दर्शनी भिंतीला रंगकामाची परांची चढली. दर काही वर्षांनी समुद्र रंग खाऊन टाकतो आणि सगळ्या बिऱ्हाडांना मिळून तो परत काढून घ्यावा लागतो. रंगारी तेरेंझिओ हा नेव्हिओचा शाळेतला मित्र. तो काम सुरू करायच्या आधी वर आला आणि दारातच टोपी काढून म्हणाला, "काय रे कप्तान, तुझ्या खिडकीला कुठला हिरवा देऊ? जुनाच?"

"जुनाच दे," नेव्हिओ म्हणाला. "पण उघडी काढ."

तेरेंझिओ हसला. मग हा थट्टा करत नाही, हे लक्षात येऊन थांबला. "खोटी खिडकी बंदच काढतात."

"का?"

"का म्हणजे? माझा बाप बंद काढायचा, त्याचाही बाप बंद काढायचा. वहिनी, सांगा हो याला."

ओरिएत्ताने नवऱ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं असल्याची खूण होती. अशा वेळी कुणाची बायको नाही म्हणेल?

"काढा हो भाऊजी," ती म्हणाली. "रंगच तर आहे."

"एकच झडप उघडतो मग. तीही अर्धी," तेरेंझिओ म्हणाला आणि टोपी घालून खाली गेला.

३

परांची उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओरिएत्ता कॉफी घेऊन खोलीत गेली, तर नेव्हिओ अंथरुणातून उठून खुर्चीत बसला होता. तिला इतका आनंद झाला, की खुर्ची कुठल्या तोंडाने ठेवली आहे हे आधी तिच्या ध्यानातच आलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून होती. समोर पिवळट चुना, वर खिळा, खिळ्याला क्रूस.

"आज उत्तरेचा वारा," नेव्हिओ म्हणाला. "पाणी अगदी सपाट. बाचीने बोट पुसायला काढलीय बघ. अर्धवट पुसतो मेला."

बाची म्हणजे नेव्हिओनंतर बोट चालवणारा माणूस. ओरिएत्ताने मनाशी हिशेब केला. वारा भिंतीपलीकडून ऐकू येतो. बाची काम करताना गातो, तेही बेसूर, चार मजले वर पोचेल असं. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला कान हेच डोळे. तिचं समाधान झालं.

पाव आणायला ती खाली उतरली, तर धक्क्यावर बाची बोट पुसत होता. पुढचा भाग चकचकीत, मागचा तसाच.

"का रे, आज गात नाहीस?" तिने विचारलं.

"घसा बसलाय काकू," बाची घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दोन दिवस झाले, शब्द फुटत नाही. काका कसे आहेत?"

"बरे आहेत," ओरिएत्ता म्हणाली. वर चढताना तिने हा हिशेबही जमवला. बादलीचा आवाज येतो, ब्रशचा येतो. अर्धवट पुसायचं तर बाचीचं नेहमीचंच, त्यात ओळखायचं काय?

४

सहलीचं ठरवणं चालूच राहिलं, पण त्याचा रंग बदलला. आधी नेव्हिओ म्हणायचा, इथे उतरायचं, तिथे बसायचं. आता तो गावं गाळायला लागला.

"मोन्तेरोस्सोला नको उतरायला," एका सकाळी तो म्हणाला.

"का? खारवलेले मासे खायचे होते ना?"

"तिथे किनाऱ्यावर खणून ठेवलंय. नळाचं काम काढलंय. सकाळी बघितलं मी."

"कुठून बघितलंस?"

"इथून," तो म्हणाला. वेड्यासारखं नाही, तुम्ही-आम्ही बोलतो तसं. "आणि व्हेर्नात्साचा बाकही बघून झाला. चांगला आहे. सावली येते, मी म्हटलं होतं तशीच."

ओरिएत्ता पलंगाच्या कडेवर बसली. कालाव्हिओलाच्या कुठल्याही खऱ्या खिडकीतून व्हेर्नात्सा दिसत नाही. मध्ये सुळक्यासारखी भूशिरं आली आहेत, एकामागे एक. हे त्याला माहीत होतं, त्यानेच तिला नकाशावर बोट ठेवून शिकवलं होतं.

"नेव्हिओ," ती हळू म्हणाली, "तिथे भिंत आहे रे."

"हो, आहे ना," तो म्हणाला आणि फोकाच्चा कॉफीत बुचकळला.

तेव्हा त्याने मान वळवली आणि तिला त्याचा गाल दिसला. चार महिने ऊन न लागलेला माणूस तो, तोंड मेणासारखं पांढरं पडलेलं. पण भिंतीच्या बाजूचा गाल तांबूस भाजला होता, आणि नाकाच्या शेंड्याची साल निघत होती. बोटीवर असताना दर मे महिन्यात निघायची तशी.

ती उठली. वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. ताप असेल. औषधांनी अंगावर चट्टे उठतात, शेजारच्या बाईंना उठले होते. मग तिने नळ बंद केला, आणि खोलीतून आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. वाऱ्याने सैल झडप भिंतीवर आपटते तो आवाज. या गावात जन्मलेल्या माणसाला तो झोपेतही ओळखता येतो.

५

दुपारी ती बंदराच्या भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेली. गावाचं पूर्ण तोंड दिसतं ते तिथूनच. खलाशांना लांबून आपापलं घर ओळखता यावं म्हणून इथे प्रत्येक घराचा रंग वेगळा, आणि जाणारा माणूस बोटीतून मागे वळून आपलं घर हुडकतो. घरचं कुणीतरी खिडकीतून हात करतं. ज्याच्या घराला समुद्राकडे खिडकी नाही, त्याच्या बायकोला गच्चीवर जावं लागतं. ओरिएत्ता तीस वर्षं गच्चीवर गेली होती, ओले कपडे सोबत घेऊन, म्हणजे फेरी फुकट जायला नको.

तिने घर शोधलं. लालसर, देवळाच्या बाजूचं. चौथा मजला.

दोन्ही झडपं सताड उघडी होती.

आत काळोख रंगवला होता. काळोखच, नुसता काळा रंग नाही. दुपारचं ऊन सगळ्या भिंतीवर सारखं पडलं होतं आणि त्या चौकटीत जात नव्हतं. ओरिएत्ताने डोळे चोळले. मग ती तडक तेरेंझिओच्या कामाच्या जागी गेली.

तेरेंझिओ ब्रश धूत होता. तिचं ऐकून तो आधी चिडला. "वहिनी, मी एक झडप अर्धी उघडी काढली. माझं काम मला माहीत नाही?"

"मग येऊन बघा."

तो आला. भिंतीच्या टोकावर उभा राहून त्याने बराच वेळ बघितलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने टोपी काढली, ती उगाच दोन्ही हातांत फिरवली आणि परत घातली.

"हा हात माझा नाही," तो शेवटी म्हणाला.

"बंद करून द्या, भाऊजी. आजच्या आज."

"नेव्हिओला विचारलंत?"

"मला नेव्हिओला तिथून उठवायचंय!" ओरिएत्ता ओरडली. ती कधी ओरडत नसे, त्यामुळे दोघंही दचकली. "बोट सुरू झालीय, सहल ठरलीय, आणि तो रोज थोडा थोडा त्या भिंतीत चाललाय. मला माझा नवरा बाहेर हवाय. बस."

 तेरेंझिओ ब्रश आणायला गेला.

६

गच्चीवरून दोराला फळी बांधून तेरेंझिओ खाली उतरला. ओरिएत्ताने खोलीत डोकावून पाहिलं. नेव्हिओ खुर्चीत होता, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर नकाशा.

"पोर्तोव्हेनेरेला उन्हं कलायला लागलीत," तो म्हणाला. "देवळाच्या पायऱ्यांवर मांजरं झोपलीत. ओरिएत्ता, ये ना, बघ तरी एकदा."

"कॉफी ठेवते, मग येते," ती म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं. ती भित्री होती असं नाही. पण आपण गेलो आणि आपल्यालाही दिसलं तर आपणही बसून राहू, असं तिला वाटलं.

ती स्वयंपाकघरात हातात हात गुंफून बसली. टक् टक् चालू होतं. मग भिंतीवर ब्रशचा ओला, खरबरीत आवाज सुरू झाला. वरून खाली, वरून खाली. तेवढ्यात नेव्हिओने तिला हाक मारली, अगदी लांबून मारल्यासारखी. "अगं, अंधार का केलास?" तिने हात एप्रनखाली दडवले आणि उत्तर दिलं नाही. ब्रश चालत राहिला. टक् टक् थांबलं.

बऱ्याच वेळाने खोलीचं दार आपोआप उघडलं. नेव्हिओ उंबऱ्यात उभा होता. अंगात करडा स्वेटर, केस विंचरलेले, पाठ ताठ.

"निघायचं?" तो म्हणाला.

ओरिएत्ता धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली आणि रडली. मारिया माते, किती रडली! त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या सकाळी निघू रे," ती हुंदके देत म्हणाली. "आज जेव आधी." तो जेवला. तिने जे वाढलं ते सगळं जेवला, आणि कशाला नावं ठेवली नाहीत.

सकाळी तिने फोकाच्चा आणि कॉफी समोर ठेवली. त्याने पाव खाल्ला, मग कॉफी प्यायला. ओरिएत्ता "शी!" म्हणायला तोंड उघडून बसली होती, ती तशीच राहिली. आजारपणात सवयी सुटतात, तिने स्वतःला सांगितलं. सुटलेली बरी.

निघताना ती नकाशा घ्यायला खोलीत गेली. खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. नकाशा कुठेच सापडला नाही.

७

"काका! या या," बाची ओरडला. घसा सुटला होता त्याचा. "घ्या सुकाणू, भूशिरापर्यंत न्या. पाहुण्यांना कळू दे कप्तान कसा असतो!"

सगळी बोट वळून बघायला लागली. नेव्हिओ गोड हसला आणि मान हलवली. "नको. तुम्हीच चालवा," तो म्हणाला. 'तुम्ही' ऐकून बाचीने ओरिएत्ताकडे पाहिलं, खांदे उडवले आणि इंजिन सुरू केलं.

दोघं मागच्या बाकावर बसली. पाणी सपाट होतं, उत्तरेचा वारा होता, सकाळ इतकी सुरेख की ओरिएत्ताला स्वतःच्या धास्तीची लाज वाटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती या बोटीत नवऱ्याच्या शेजारी बसली होती. तिने त्याचा हात हातात घेतला. मागे गाव एकेक घर करत पूर्ण दिसायला लागलं, पिवळं, गुलाबी, लाल.

"बघ की मागे," ती म्हणाली.

नेव्हिओने वळून पाहिलं. त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली आणि कुठेच थांबली नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "आपलं घर कुठलं?"

ओरिएत्ताने बोट उचललं. लालसर, देवळाच्या बाजूचं. चौथा मजला. खिडकी बंद होती, ताजा हिरवा रंग उन्हात ओला चमकत होता. तेरेंझिओने काम चोख केलं होतं.

इकडच्या झडपांना खालच्या बाजूला एक लहान फळी असते, बाहेर ढकलता येणारी. झडप न उघडता खाली कोण आलंय ते बघायला. ती फळी हलली. हळूहळू वर उचलली गेली, आणि तिच्याखालून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत. बाही करडी होती. कोपरावर हिरवी लोकर होती.

हात हलायला लागला. घाबरून नाही, मदतीला बोलवायला नाही. घरचं माणूस जाणाऱ्याला करतं तसा.

ओरिएत्ताने शेजारी पाहिलं नाही. आधी तिने बोटीच्या कठड्याकडे पाहिलं, कारण त्याचं कोपर तिथे टेकलेलं होतं. स्वेटर करडा होता. कोपर करडं होतं. कुठेही एक टाका नव्हता.

"बाची," ती म्हणाली, "बोट वळव." पण इंजिनाच्या आवाजात ते बाचीपर्यंत पोचलं नाही.

"वळवायची कशाला?" शेजारचा माणूस प्रेमाने म्हणाला. "किती दिवस ठरवतोय आपण." आणि त्याने तिचा हात घट्ट धरला.

तिचा दुसरा हात मोकळा होता. तो तिने वर केला आणि त्या खिडकीकडे बघत हलवत राहिली, भूशिर आडवं येऊन घर झाकलं जाईपर्यंत, आणि त्यानंतरही. पाहुण्यांपैकी एका बाईने विचारलं, घरी कोण आहे मागे?

"नवरा," ओरिएत्ता म्हणाली.